एक ते दहा, आणि परत एक

12345678910987654321.

पहिले तीन-चार अंक वाचले की पुढचे वाचायची गरजच उरत नाही. एकपासून दहापर्यंत चढायचं, मग नऊपासून एकपर्यंत उतरायचं, झाली पाठ. वीस अंकी संख्या आहे ही, आणि ही मूळ संख्या आहे, म्हणजे 1 आणि ती स्वतः सोडलं तर कुठल्याच संख्येने हिला पूर्ण भाग जात नाही. भास्कराचार्यांनी लीलावतीत एक, दहा, शंभर करत परार्धापर्यंत नावं दिलीयत, परार्ध म्हणजे एकावर सतरा शून्यं, आणि ही संख्या तसल्या 123 परार्धांच्याही वर जाते.

मला ही संख्या मनापासून आवडते आणि का आवडते ते एकदा नीट लिहायचं होतं. उपयोगाची म्हणून नाही. मूळ संख्यांचा विषय निघाला की लोक लगेच बँकेचं ॲप, पासवर्ड, सिक्युरिटी यावर जातात, ते सगळं खरंच आहे, आरएसए ही माहिती कुलूपबंद करायची पद्धत, तिची 2048 बिटची चावी बनवायला तीनशेच्या वर अंक असलेल्या दोन मूळ संख्या लागतात, त्यांच्यापुढे ही आपली वीस अंकी म्हणजे अगदीच चिमुकली. पण त्या तीनशे अंकी संख्या कोणाला तोंडपाठ नसतात, कोणी त्यांच्याकडे बघतही नाही, काम झालं की मशीनच्या पोटात राहतात. हिच्याकडे बघावंसं वाटतं.

आता हिच्या आधीची गोष्ट सांगते, कारण ती आमच्या ठाण्याच्या बाजूची आहे. द. रा. कापरेकर, 6174 या संख्येमुळे ओळखले जाणारे गणिती, यांचा जन्म 1905 चा, डहाणूचा, आणि माध्यमिक शाळेचं शिक्षण ठाण्यात. पुढे फर्ग्युसन, आणि मग आयुष्यभर देवळालीला शाळेत मास्तरकी. एवढ्या वर्षांत किती ठाणेकरांना हे माहीत आहे देव जाणे, इथल्या एखाद्या चौकाला त्यांचं नाव असायला हवं असं मला फार वाटतं. या कापरेकरांनी संख्यांचा एक प्रकार शोधला आणि त्याला नाव दिलं डेम्लो संख्या, कारण ती कल्पना त्यांना सुचली जीआयपी रेल्वेच्या, म्हणजे आताच्या मध्य रेल्वेच्या, डेम्लो स्टेशनवर. डेम्लो म्हणजे आपलं डोंबिवली. रोज लाखो माणसं जिथे गाडीत शिरायची जागा शोधत असतात तिथे या माणसाला संख्या सुचल्या.

त्यातल्या एका ओळीला त्यांनी वंडरफुल डेम्लो म्हटलं. 1, 121, 12321, 1234321, असं करत 12345678987654321 पर्यंत. चढायचं आणि उतरायचं. आणि यातली प्रत्येक संख्या हा पूर्ण वर्ग आहे. 11 गुणिले 11 म्हणजे 121, 111 गुणिले 111 म्हणजे 12321, आणि नऊ वेळा एक लिहून त्याचा वर्ग केला की 12345678987654321. का, ते कागदावर गुणाकार मांडला की लगेच दिसतं. 111 खाली 111 लिहायचा, गुणायचं, प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकते, आणि बेरीज करताना पहिल्या घरात एकच 1, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, मग परत दोन, एक. घरातले एक मोजायचे फक्त. नऊपर्यंत हातचा कुठे येतच नाही म्हणून जिना सुरेख बनतो. दहा एक घेतले की मधल्या घरात दहा जमतात, हातचा जातो आणि सगळं विस्कटतं, उत्तर येतं 1234567900987654321. जिना तुटला.

म्हणजे नऊपर्यंत जे सौंदर्य आहे त्याला कारण आहे. कारण सापडतं, शाळेतल्या पोरालाही समजतं, आणि एकदा समजलं की विसरत नाही. या नऊमधली एकही संख्या मूळ असू शकत नाही हेही त्यातच आलं, कारण पूर्ण वर्ग कधीच मूळ नसतो. शेवटची तर फोडूनही दाखवता येते, नऊ वेळा एक म्हणजे 9 गुणिले 37 गुणिले 333667, त्याचा वर्ग.

आता समजा आपण गुणाकार सोडून दिला आणि नुसतं लिहीत गेलो. नऊनंतर दहा, मग नऊ, आठ, सात. गणिताच्या दृष्टीने ही जरा जबरदस्तीच आहे, दहाला दोन अंक लागतात म्हणून ती संख्या उलटीकडून वाचली तर सारखीही येत नाही, मध्येच 910987 असा खड्डा पडतो. वर्ग असण्याचं जे कारण होतं ते गेलं. त्याच्या जागी काहीच आलं नाही. आणि नेमकी तीच मूळ निघाली!

याच्यावर मी खूप विचार केलाय आणि मला वाटतं यात दडलेलं कारण असं काही नाहीये, आणि तेच मला सगळ्यात जास्त ओढतं. ती मूळ आहे याची सिद्धता आहे, शंभर टक्के खात्री आहे, पण 'म्हणून ती मूळ आहे' असं एका वाक्यात सांगण्यासारखं काही नाही. अकरापर्यंत चढून उतरा, बारापर्यंत, शंभरपर्यंत, हजारपर्यंत, सगळ्या फुटतात. थेट 2446 पर्यंत चढून उतरलं तेव्हा 17350 अंकांची एक संख्या मूळ संख्येच्या चाचण्या पास करणारी सापडली. दहानंतर एकदम 2446. यात कुठला नियम शोधणार?

माझी भाची दहावीत आहे, तिला ही संख्या मी एका रविवारी ठाण्याहून वाशीला जाताना दाखवली. ट्रान्स हार्बरची गाडी रविवारी सकाळी बऱ्यापैकी रिकामी असते, खिडकी मिळाली होती. तिने आधी बघितलं आणि म्हणाली, "मावशी, ही कोणीतरी मुद्दाम बनवलीय ना?" लिहिली मुद्दाम, मूळ आपोआप आहे, असं मी म्हटलं तर ते तिला पटेना. मग म्हणाली, "थांब, तीनने जाईल बघ." अंकांची बेरीज केली, चढताना 45, उतरताना 45, मधल्या दहाचा 1, एकूण 91. तीनने जात नाही. अकराची कसोटी तिला येत होती, एक सोडून एक अंकांची बेरीज, एकीकडे 46, दुसरीकडे 45, फरक 1. गेलं अकरा.

"सातची कसोटी असते का गं?"

असते, आणि माझी सगळ्यात लाडकी कसोटी तीच आहे, कारण ती एकटी येत नाही. 7 गुणिले 11 गुणिले 13 म्हणजे 1001. त्यामुळे संख्येचे उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाडायचे आणि आळीपाळीने वजा-अधिक करत जायचं, जी छोटी संख्या उरेल ती या तिघांपैकी कोणाने जाते ते बघायचं, मोठीचं जे होणार तेच छोटीचं होतं. तिच्या क्लासच्या जाहिरातीच्या कागदामागे आम्ही मांडलं. 12, 345, 678, 910, 987, 654, 321. उजवीकडून सुरू, 321 वजा 654, अधिक 987, वजा 910, अधिक 678, वजा 345, अधिक 12. ऐरोलीला सुरू केलं होतं, घणसोली यायच्या आत उत्तर आलं 89. सातने भागलं तर बाकी 5, अकराने 1, तेराने 11. तिघंही बाद. वीस अंकांचा एवढा मोठा प्रश्न 89 वर येऊन बसला याचं तिला फार आश्चर्य वाटलं आणि मला ते बघून फार बरं वाटलं, कारण मला स्वतःला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा असंच वाटलं होतं.

पण मग हे असं कुठवर करणार? कुठलीही संख्या तपासायला तिच्या वर्गमूळापर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून बघावं लागतं, हिचं वर्गमूळ साधारण 351 कोटी, आणि तिथपर्यंत मूळ संख्या आहेत 16 कोटींच्या वर. सेकंदाला एक भागाकार केला, न जेवता न झोपता, तर पाच वर्षांच्या वर लागतील. कॉम्प्युटर ते बघता बघता करतो ही गोष्ट वेगळी, पण तीनशे अंकी संख्येला तोही हरतो. म्हणजे भागून बघणं हा रस्ताच नाही.

खरा रस्ता फर्माने 1640 मध्ये दाखवला. संख्या मूळ असेल, तिला आपण प म्हणू, तर 2 चा (प वजा 1) वा घात घ्या आणि त्याला प ने भागा, बाकी 1 च येणार. फक्त 2 नाही, 3 घ्या, 5 घ्या, प ने भाग न जाणारी कुठलीही संख्या घ्या. आणि एवढा प्रचंड घात काढायला प्रचंड वेळ लागत नाही, कारण वर्ग करत जायचं, वर्गाचा वर्ग, त्याचा वर्ग, दर वेळी प ने भागून बाकीच तेवढी ठेवायची. आपली संख्या दोनच्या 63 व्या घाताहून मोठी आणि 64 व्या घाताहून लहान, त्यामुळे त्रेसष्ट वर्ग आणि थोडे वरचे गुणाकार की काम झालं. सोळा कोटी भागाकार कुठे आणि हे कुठे!

यात एक गोम आहे, 561 सारख्या काही लबाड संख्या संयुक्त, म्हणजे मूळ नसलेल्या, असूनही ही परीक्षा पास होतात (561 म्हणजे 3 गुणिले 11 गुणिले 17). म्हणून मिलर आणि रेबिन यांनी ती परीक्षा अजून कडक केली. एरवी तिच्यातून फक्त दाट शक्यता कळते, पण आपल्या संख्येएवढ्या आकाराला 2 पासून 37 पर्यंतच्या पहिल्या बारा मूळ संख्या घेऊन ती कडक परीक्षा केली की पक्का निकाल मिळतो, शंकेला जागाच नाही. आणि कितीही मोठी संख्या असू दे, लबाडीला वाव न ठेवता, नशिबावर न सोडता, वाजवी वेळात निकाल देणारी पद्धत 2002 मध्ये आली ती आपल्याकडून, आयआयटी कानपूरच्या मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांच्याकडून. शतकानुशतकांचा प्रश्न होता तो.

या सगळ्यात एक गोष्ट मला कायम थक्क करते. परीक्षेत नापास झाली की संख्या संयुक्त आहे हे कळतं, पण तिचे अवयव कोणते ते कळत नाही. भाग जातो हे नक्की, कोणाने जातो ते अंधारात. 2 चा 67 वा घात वजा 1 ही संख्या मूळ नाही हे लुकास यांनी 1876 मध्ये दाखवलं होतं, अवयव मात्र कोणालाच सापडत नव्हते. 1903 मध्ये न्यूयॉर्कला फ्रँक नेल्सन कोल यांनी ते मांडले, 193707721 गुणिले 761838257287. मधली 27 वर्षं लोकांना माहीत होतं की दार आहे, कडी कुठे आहे तेच सापडत नव्हतं.

मूळ असण्याने अजून काय काय ठरतं ते बघा. आपल्या संख्येचे शेवटचे दोन अंक 21, म्हणजे चारने भागलं तर बाकी 1. अशी प्रत्येक मूळ संख्या दोन वर्गांची बेरीज असते, आणि अशी जोडी एकच असते. हे फर्माने सांगितलं, ऑयलरने सिद्ध केलं. 5 म्हणजे 1 अधिक 4, 13 म्हणजे 4 अधिक 9, 17 म्हणजे 1 अधिक 16, तसंच आपल्या वीस अंकी बाईंचंही, कुठल्यातरी दोनच पूर्णांकांचे वर्ग मिळून ती बनलीय आणि दुसरी जोडी शोधत कितीही फिरलात तरी मिळणार नाही. उलट दोन जोड्या मिळाल्या तर समजायचं की संख्या फुटणार. 65 बघा, 1 अधिक 64 पण होते, 16 अधिक 49 पण होते, कारण 65 म्हणजे 5 गुणिले 13. ऑयलरने हेच वापरून 1000009 फोडली होती, ती 1000 आणि 3 च्या वर्गांची बेरीज हे उघडच दिसतं, पण त्याला दिसलं की 235 आणि 972 च्या वर्गांचीही बेरीज तेवढीच होते, आणि त्यावरून अवयव निघाले, 293 आणि 3413. दिसायला किती साधी, अगदी मूळच वाटावी अशी, आणि आतून दोन तुकडे. आपली दिसायला बनवाबनवीची वाटते, आतून अखंड.

खरं तर तिच्या मूळ असण्यात फार मोठा चमत्कार नाही हेही सांगायला हवं, नाहीतर मी उगाच वाढवून सांगितल्यासारखं होईल. एवढ्या मोठ्या संख्यांच्या भागात साधारण 44 संख्यांमागे एक मूळ असते, हे मूळ संख्यांच्या वाटणीचा नियम सांगतो, 1896 मध्ये सिद्ध झालेला. त्यात ही शेवटी 1 असलेली, म्हणजे दोन आणि पाच आपोआप बाद, तीनही बाद, तर मग साधारण बारात एक एवढा चान्स उरतो. बारात एक म्हणजे काही लॉटरी नव्हे. पण अकरापासून 2445 पर्यंत रांगेत उभ्या असलेल्या सगळ्यांना मूळ न होता बघितलं की हिचं पास होणं कौतुकाचं वाटतंच. त्या मोठ्या होत जातात तसा चान्स घसरत जातो हे कारण आहे, मान्य. तरी वाटतं.

अजून एक बाजू आहे जी ऑफिसमध्ये कॉम्प्युटरसमोर बसलेल्या माणसाला पटकन दिसते. 64 बिटमध्ये, म्हणजे 0 किंवा 1 मावणाऱ्या 64 घरांत, ही संख्या मावते, पण चिन्ह धरणारा प्रकार घेतला तर त्याची हद्द 9223372036854775807 ला संपते, ही त्याच्या पुढे. त्याच बिट चिन्हासकट छापल्या तर स्क्रीनवर येतं -6101065162721897295. शेवटी 5! मूळ संख्या, जिला कुणीच भागू शकत नाही, तिच्याच बिट वेगळ्या नजरेने वाचल्या की पाचने भाग जाणारं काहीतरी दिसतं. आत ठेवलेलं तेच आहे, वाचणारा बदलला.

आणि इथेच माझ्या भाचीने वाशी यायच्या जरा आधी खरा प्रश्न विचारला, की दहाच का? आपल्याला दहा बोटं आहेत म्हणून आपण दहाच्या पायावर लिहितो, म्हणजे डावीकडच्या प्रत्येक घराची किंमत दहापट, हा जिना आपल्या लिहिण्यातला आहे, संख्येतला नाही. मूळ असणं मात्र लिहिण्यावर अवलंबून नाही, द्विमान पद्धतीत लिहा नाहीतर खडे मांडा, मूळ ती मूळच. सगळ्यात मोठी माहीत असलेली मूळ संख्या घ्या, 2024 मध्ये ल्यूक ड्युरंट यांना सापडलेली, 2 चा 136279841 वा घात वजा 1. दहाच्या पायावर ती 4 कोटी 10 लाखांवर अंकांची नुसती गिचमिड आहे, तीच दोनच्या पायावर लिहिली की एकच एक, 136279841 वेळा एक, दुसरा अंकच नाही. दहाच्या पायावर नुसत्या एकांच्या मूळ संख्या फार विरळ, 11 आहे, मग थेट एकोणीस एकांची, मग तेवीस.

तर मग आपला जिना दुसऱ्या पायावर बांधला तर? दोनच्या पायावर एक, मग दोन म्हणजे 10, मग एक, लिहायचं 1101, म्हणजे आपली 13. मूळ. तीनच्या पायावर 121021, म्हणजे 439. मूळ. चारच्या पायावर 12310321, म्हणजे 27961, वर्गमूळ 167 च्या जरा वर, तिथपर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी वहीत भागून बघता येतं, तीही मूळ. इथे हात थरथरतो, वाटतं सापडला नियम, चला सगळ्यांना सांगू या. पाचच्या पायावर 1234104321, म्हणजे 3034961. दोनने नाही, तीनने नाही, सातने नाही, शंभर ओलांडलं तरी कोणीच भागत नाही, आणि 137 ला पटकन फुटते, 137 गुणिले 22153.

भाचीला हे सांगितलं तर ती म्हणाली, "मग सहाचं मी करते." मूळ संख्यांचा तक्ता दिला तिला. सहाच्या पायावर 123451054321 लिहायचं, ते आपल्या अंकांत 522134761 होतं. वर्गमूळ साधारण 22850, म्हणजे वहीच्या कामाला भरपूर, आणि ती मूळ आहे. सातच्या पायावरची मूळ नाही, आठच्या नाही, नऊच्या आहे, दहाच्या आहे, मग थेट सोळाच्या.